गिरणीचा सूर

शनिवारी मुलं गेल्यावर वही उघडते.
सत्तावीस गाणी. निवडायची आहेत नऊ.
घणसोली गावठाणात खाली मढवींची पिठाची गिरणी,
वर आमची बालवाडी,
फरशीतून थेट तळपायांपर्यंत येणारी घरघर.

पहिलं : बाबा येतो संध्याकाळी, पिशवीत काय आणतो.
खोडते.
रुजुलचा बाबा बोटीवर असतो, आणि चरणचा
कुठे, ते मला कुणी सांगितलेलं नाही.
एकदा विचारलं, तर त्याची आई पर्समध्ये
फीचं पाकीट शोधत राहिली, बराच वेळ.

दुसरं आडाचं, रहाटाचं, दोराचं.
आडातून पाणी कोण काढतं, विचारलं मागच्या वर्षी,
तर सगळी एकदम म्हणाली, टँकरवाले काका.
ठेवते. काकांसाठी.

तिसरं चढतं उंच, आभाळाच्या ओळीवर.
ते मुलांचं नाहीच, ते माझं.
डी.एड.च्या गॅदरिंगला त्याने मला
स्टीलचा डबा मिळवून दिला होता.
चार वर्षांच्या गळ्याला पाच-सहा सूर पुरतात,
त्याच्या वर पोरं किंचाळतात
आणि आपण टाळ्या वाजवतो.
खोडते. दोनदा पेन फिरवून.

वाघाचं?
वाघ आला की आयेशा खरंच रडते,
रडून झालं की म्हणते, परत.
राहू दे.

बाहुली गोरी, डोळे तिचे घारे :
चाल अशी गोड, की टाकवत नाही.
‘गोरी’ काढून ‘माझी’ लिहिते.
मात्रा तेवढ्याच.
इतकी वर्षं हे कुणाला सुचलं कसं नाही,
मलासुद्धा.

मोठ्या मॅडमची चिठ्ठी : इंग्रजी दोन तरी हवीत,
पालक विचारतात.
लिहिते दोन. चालीवर मुलं नाचतील,
शब्दांना पाहुण्यांसारखं वागवतील,
बसा म्हणतील, आणि खेळायला जातील.

पण खरी निवड गिरणीची.
तिचा सूर मी पेटीवर शोधलाय :
काळी एकच्या किंचित खाली.
ज्वारी पडली की उतरतो, रिकामी फिरली की चढतो.
तिच्याशी भांडणारं गाणं दहा मिनिटांत दमतं,
मुलं चुळबुळतात, कुणाला तरी शू लागते.
तिच्या मांडीवर बसणारं टिकतं.

लिखित जूनपासून गायलेला नाही.
घरी तेलुगू, जिन्यात हिंदी, वर्गात मराठी,
हा मधल्याच कुठल्यातरी पायरीवर.
गोलात येतो. ओठ मिटून, तळवे फरशीवर टेकून बसतो.
मी रजिस्टरात लिहिलं होतं : सहभाग नाही.

परवा वीज गेली, आडाच्या गाण्याच्या मधोमध.
गिरणी घसरत घसरत खाली आली, थांबली.
मुलंही थांबली, पंख्याकडे बघत.
आणि सूर राहिला.

तोच. काळी एकच्या किंचित खाली.
मी आधी पेटीकडे पाहिलं, भाता मिटलेला होता.
मग गोलाकडे.
ओठ मिटलेले, तळवे फरशीवर,
लिखित गिरणी चालवत होता.

कधीपासून, कोण जाणे.
आम्ही सगळे त्याच्यावर उभे राहून गात होतो.

त्रिशा म्हणाली, टीचर, दळण झालं?
सगळी हसली, तोही हसला,
आणि सूर तुटला.

आठ झाली.
नवव्या जागी नाव सुचत नाही,
म्हणून नुसती आडवी रेघ ओढते,
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

खाली मढवी पट्टा उतरवतात. शटरचा आवाज.
फरशी एकदम परकी.
छोट्या खुर्च्यांसमोर उभी राहून
खोडलेली ती आभाळाची ओळ म्हणून बघते.

लागते अजून.
जवळजवळ.